माझ्या हातून सुटलेलं तोरण

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. तिच्या जागी दुसरीच, मला शोभेल अशी गोष्ट गाव सांगत राहिलं आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो. लोकांना तो विनय वाटला. आता पंच्याहत्तरी उलटली, तेव्हा खरं काय ते लिहून ठेवतो.

आमचं गाव केळापूर तालुक्यातलं. पोळ्याला मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण ताणतात. एक टोक लिंबाला बांधलेलं, दुसरं आमच्या घरच्या माणसाच्या हातात. हा आमच्या घराण्याचा मान. सजवलेल्या जोड्या तोरणामागे उभ्या राहतात. जोडीवाले झडत्या म्हणतात, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणारी चार-चार ओळींची कवनं, आणि प्रत्येक झडतीच्या शेवटी सारं गाव 'हर हर महादेव' करतं. शेवटची झडती मानाच्या जोडीच्या मालकाची. तिचा गजर झाला की दोरी सोडायची. तोरण पडतं, जोड्या धावतात, पोळा फुटतो.

माझा चुलतभाऊ तापानं गेला तेव्हा वहिनींनी चाळिशीही गाठली नव्हती. पदरात दोन मुली. नाल्याकाठचं त्यांचं पाच एकर काळं वावर माझ्या धुऱ्याला लागून होतं. महिनाभरातच मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो.

"वहिनी, एकट्या बाईच्यानं वावराची वहीत होते का? ते मले बटईनं द्या, अर्धं पीक तुमचं."

"बैलाईले पुसून सांगतो, भाऊजी," त्या म्हणाल्या.

बैलांनी काय सांगितलं ते मृगात कळलं. वहिनींनी लुगड्याचा काष्टा खोचला आणि स्वतः वखर धरला. आमच्याकडे बाई निंदते, कापूस वेचते, पण वखराला हात लावत नाही. पारावर लोक हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. त्या वर्षी त्यांची कपाशी माझ्या कपाशीपेक्षा हातभर उंच होती आणि तेव्हा मात्र हसू आलं नाही.

पहिल्या पोळ्याला त्यांची जोडी मीच नेली, कारण बाई बैल घेऊन तोरणाखाली जात नव्हती. दुसऱ्या पोळ्याला त्या स्वतःच निघाल्या. शिंगांना बेगड, पाठीवर नवी झूल, हातात कासरा. सारं गाव बघत होतं. मी आडवी काठी धरली.

"वहिनी, जोडी मागं घ्या. विधवा बाई तोरणाखालून गेली तर गावावर पीडा येते."

"कोण्या पोथीत लिवलं हाय, भाऊजी?"

"शास्त्र हाय ते."

पोथी मी उभ्या जन्मात उघडलेली नव्हती. मला वेगळीच भीती होती. या बाईची जोडी पोळ्यात उभी राहिली, की गाव तिला शेतकरी म्हणणार आणि ते वावर मला कधीच मिळणार नाही. हे शास्त्रात बसत नव्हतं, म्हणून मी शास्त्राचं नाव घेतलं. चारशे माणसांत एकानंही मला अडवलं नाही. वहिनींनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला, जोडी फिरवली आणि त्या घरी गेल्या.

पुढच्या वर्षी त्या परत आल्या. या वेळी पुढे न येता रांगेत सगळ्यात मागे उभ्या राहिल्या. मी दोरी धरून त्यांच्यावर नजर ठेवून होतो. झडत्या संपत आल्या. आता मानाच्या जोडीचे पाटील म्हणणार, तर त्यांच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. ते थुंकायला बाजूला वळले. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला:

"वावर वखरलं, सरकी टोबली,
बैलासंगं मी उन्हात राबली.
धनी गेला, जोडी राह्यली,
सांगा, पोळ्यात काहून अडली?
हर बोला…"

आणि गावानं गर्जना केली, "हर हर महादेव!"

कोणी विचार केला नाही. झडती झाली की गजर करायचा, ही आमच्या घशाची सवय. आणि शेवटचा गजर झाला की दोरी सोडायची, ही माझ्या हाताची. आम्ही सगळे शेवटच्या झडतीची वाट पाहत होतो, ती झाली, आणि माझी मूठ उघडली. कळलं तेव्हा तोरण धुळीत होतं.

जोड्या उधळल्या. पाटील भरल्या तोंडानं "अबे, थांबा ना बे!" करत राहिले. कोणीतरी ओरडलं, "बाईनं पोळा फोडला!" देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका उभ्या राहून टाळ्या पिटू लागल्या. वहिनी धावत नव्हत्या. दोन्ही बैलांच्या मधोमध, कासरे सैल सोडून, त्या तोरणाच्या जागेवरून चालत गेल्या. पहिली पूजा माझ्याच बायकोनं त्यांच्या बैलांची केली, आणि आरतीचं ताट घेऊन माझ्याजवळून जाताना म्हणाली, "बरं झालं, हाताले तरी अक्कल हाय."

पीडा आली नाही. सोयाबीन झालं, कापूस झाला, मुलं जन्मली.

गोष्ट मात्र तिथेच बदलली. मी मनानंच दोरी सोडली, असं लोक म्हणू लागले. मी नाही म्हणालो नाही. काही वर्षांनी गणपतीच्या मांडवात 'पोळ्यात बाईला मान देणारा पहिला माणूस' म्हणून मला शाल-श्रीफळ दिलं. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी एका शब्दात माझी अब्रू काढली असती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दोरीले लय उशिरा समजलं."

यंदाच्या पोळ्यात पाच बायकांच्या जोड्या होत्या. त्यात तांड्यावरची एक नवी सून, डोळ्यांवर गॉगल लावून. पाटलांच्या वाड्यात आता ट्रॅक्टर आहे, बैल नाहीत. म्हणून गावानं बैठक घेऊन मानाची जोडी ठरवली, आणि ती वहिनींची ठरली. शेवटची झडती त्यांनी म्हटली. आवाज किंचित थरथरला, पण लिंबापलीकडच्या घरांपर्यंत ऐकू गेला, आणि त्यांच्या दोन्ही मुली माहेरी आल्या होत्या, त्यांनी सगळ्यांच्या आधी गजर केला. दोरी मी या वेळी माझ्या मनानं सोडली. एवढा आनंद मला घराण्याच्या त्या मानानं आयुष्यात कधी दिला नव्हता.

मग जोडी घरोघरी फिरत माझ्या दारात आली. बायको बैलांचे पाय धुवायला वाकली. वहिनी आणि मी समोरासमोर. महिनाभर शब्द जुळवून ठेवले होते.

"वहिनी…"

"बोला ना, भाऊजी."

"यंदा जोडी मस्त सजली."

"हो ना," म्हणत त्यांनी कासरा ओढला आणि त्या पुढच्या दाराकडे वळल्या. मी उंबऱ्यात उभा राहिलो. म्हणायचं होतं ते हे: वहिनी, त्या दिवशी मी देवाचं नाव घेतलं, पण मले तुमचं वावर पाह्यजे होतं. ते तोरण मी नाई सोडलं, तुम्ही सोडवलं. मले माफ करा.