आग्नेय कोपऱ्यातली माती

इथे परदेशात, वेरिबी नावाच्या उपनगरात घर बांधलं तेव्हा आम्ही वास्तुशांत केली. गुरुजी म्हणजे आमच्यातलेच एक, आठवडाभर सर्व्हर सांभाळणारे. घराखाली अखंड काँक्रीट, त्यामुळे वास्तुपुरुषाची चांदीची प्रतिमा अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरली. गुरुजी म्हणाले, "आता जागेची परवानगी मागा." मी डोळे मिटून मागितली आणि पंगतीच्या व्यवस्थेला लागलो.

गेल्या उन्हाळ्यात नदीजवळच्या हॉलमध्ये एक कार्यक्रम ठरला. इथल्या मूळ रहिवाशांशी सरकारने करार करायचा, हा विषय सध्या सगळीकडे आहे. त्या निमित्ताने जुन्या कराराबद्दल बोलायचं होतं, आणि येणाऱ्याने आपल्या घरची मूठभर माती आणायची होती. मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने मला फोन केला.

"आपल्याकडून तू जा. तुझा चेहरा आधीच अपराधी आहे, वेगळी तयारी नको."

"अरे, पण बोलू काय?"

"सॉरी म्हण. ते नो वरीज म्हणतील. चहा पी आणि ये."

मी हसलो, पण मला जायचंच होतं. ऑफिसात प्रत्येक मोठ्या मीटिंगच्या सुरुवातीला मी स्लाइडवरचं वाक्य वाचतो: या भूमीच्या मूळ राखणदारांना आदरपूर्वक वंदन. वाचता वाचता माझं बोट पुढच्या स्लाइडच्या बटणावर असतं. याची मला लाज वाटते, आणि तरीही मी दर वेळी तसंच करतो.

बायकोला माझं जाणं पसंत नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमचं घर हललं होतं. दारं चौकटीत अडकत होती, दिवाणखान्याच्या भिंतीला तडा गेला होता आणि दुपारच्या शांततेत भिंतीतून टकटक ऐकू यायची. बिल्डरचा माणूस म्हणाला, "इथली चिकणमाती वाळली की आकसते, मेट. सगळ्यांचीच घरं आवाज करतात." पण बायको घरून काम करायची, दिवसभर एकटी. शेवटी ती लॅपटॉप घेऊन लायब्ररीत जाऊन बसायला लागली. घर विकून शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला जाऊ, असं तिचं म्हणणं. मला हेच घर हवं होतं. राहायचं की जायचं, एवढ्या एकाच गोष्टीवर त्या दिवसांत आमचं बोलणं चालायचं, नाहीतर अडायचं.

"माती घ्यायची तर घे," ती म्हणाली, "पण त्या कोपऱ्याला हात लावू नकोस."

अडचण अशी की बाकी अंगणात फरशी आणि विकत आणलेली माती. इथली म्हणावी अशी जमीन फक्त त्या कोपऱ्यात उघडी होती. ती लायब्ररीत गेल्यावर मी तिथेच खणलं.

प्रतिमेला धक्का लागू नये म्हणून अगदी हळू खणत होतो. प्रतिमा नव्हती. जागा तीच होती, वर ठेवलेला दगडही तोच. आणखी खाली एक फट लागली. मी हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. बाहेर अंग भाजत होतं आणि तिथे माझ्या तळहाताला खालून गार वारा लागत होता. एक ढेकूळ आत सोडलं. ते पडल्याचा आवाज आला नाही. मी घाईने कडेची मूठभर माती डब्यात भरली.

हॉलमध्ये खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. मूळ रहिवाशांपैकी एक वयस्क बाई बोलत होत्या; सगळे त्यांना आन्टी म्हणत होते. त्यांनी जुनी हकीकत सांगितली. समुद्रापलीकडून एक गोरा माणूस आला, ब्लँकेटं, कुऱ्हाडी, आरसे देऊन त्याने कागदावर खुणा करून घेतल्या. इंग्रजांच्या रीतीप्रमाणे त्याच्या हातात मूठभर मातीही दिली गेली, म्हणजे जमीन त्याची झाली. पुढे सरकारने तो कागद रद्द केला. जमीन परत देण्यासाठी नव्हे. ती राजाचीच आहे, मग हे विकणारे कोण, म्हणून.

मग एकेकाने पांढऱ्या कापडावर आपली माती ठेवली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आम्ही घर बांधताना परवानगी मागितली होती."

"कोणाकडे?" आन्टींनी विचारलं.

"जमिनीकडे."

"मग? काय म्हणाली ती?"

कोणी हसलं नाही. मी खरं ते सांगितलं. "ऐकायला थांबलो नाही. जेवणं व्हायची होती."

मी खाली पाहिलं. बाकीच्या मुठी कोरड्या होत्या. माझ्या मातीखालचं कापड ओलं होत होतं आणि तो डाग पसरत होता.

शेवटी आन्टी म्हणाल्या, "माती हातात देणं ही इंग्रजांची रीत. आम्हाला नको. जिथून आणली तिथे नेऊन ठेवा."

घरी आलो तेव्हा बायको मागच्या पायरीवर उभी होती. तिने खड्डा पाहिला होता. मी ओरडा खायच्या तयारीने गेलो, पण ती एवढंच म्हणाली, "भर आता. त्याच मातीने. उरली तर जागा लाभते म्हणतात."

"आणि कमी पडली तर?"

ती आत गेली.

डब्यातली माती टाकली, कडेची ओढली, बोटांनी शेवटचा कण लोटला. खड्डा भरेना. शेडमध्ये कुंड्यांच्या मातीची पिशवी होती. मी ती उचलून आणली. दोन ओंजळींचं काम होतं, आणि घर माझं राहणार होतं.

"उरली?" तिने आतून विचारलं.

पिशवी माझ्या हातात होती. "कमी पडली," मी म्हणालो.

ती बाहेर आली. आधी पिशवीकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे.

"म्हणजे आता विकताही येणार नाही," ती म्हणाली. "हे असं माहीत असून दुसऱ्या कोणाच्या गळ्यात कसं घालायचं?"

आम्ही तिथेच राहतो. खड्डा अजून तसाच आहे. कितीही पाऊस झाला तरी त्यात पाणी साठत नाही, आणि आम्ही त्यात काही टाकत नाही.