तळमजल्यावरच्या काचा

घराखाली लॅब असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. जिन्याने आपोआप वर येतात. आपण फक्त दार किलकिलं ठेवायचं. गंगापूर रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोन हजार सालानंतर गाठी तपासणारी लॅब आली, आणि मी भाजी निवडायला जिन्यात बसू लागले.

* * *

टेक्निशियन भास्कर सिन्नरचा. म्हणाला, "काकू, पेशीच्या अंगावर खुणा असत्यात. रंग दिला का खूणवाली तपकिरी होती. कोणत्या खुणा, त्यावरून गाठ सुस्त का चवताळलेली, ते आमच्या डॉक्टर मॅडम ठरवत्यात."

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. तपकिरी कडा, आत निळे ठिपके. सगळे माझ्याकडेच बघतायत!

"कुणाचं रे हे?"

"मागल्या वर्षी वारले ते."

त्या चतुर्थीला मला साबुदाणा गिळवला नाही.

* * *

त्र्यंबकचे, दिवसकार्य करणारे एक गुरुजी रिपोर्टला आले. कपाटात मेणाच्या वड्या, प्रत्येकीत कुणाच्या तरी गाठीचा तुकडा.

"यांतले गेले किती?"

"निम्मे असतील," मॅडम म्हणाल्या.

गुरुजी हळूच म्हणाले, "आणि आम्ही घरच्यांना सांगतो, सगळं आटोपलं म्हणून."

* * *

मग समोरच्या सुमनवहिनींच्या मानेत गाठ आली. यजमान वसंतराव याच दुखण्याने गेलेले. "सुस्त निघाली तर पोरीचं लग्न बघीन," म्हणाल्या.

लॅबमध्ये पेशंटच्या तुकड्याशेजारी, त्याच काचेवर, एक जुना खात्रीचा तुकडा लावतात. तो तपकिरी झाला तरच रंग नीट चढला असं धरायचं. नाहीतर रिपोर्ट द्यायचा नाही. इथला खात्रीचा तुकडा वसंतरावांचा होता. भास्करने हे फक्त मला सांगितलं.

वहिनींच्या काचेवर वसंतराव कोरे राहिले. मॅडमनी रंगाची नवी बाटली फोडली. पुन्हा कोरे. त्याच ट्रेमधल्या बाकी सगळ्यांशेजारी मात्र तपकिरी.

"रंग बरा हाय, काकू," भास्कर म्हणाला. "वहिनींशेजारी बसवलं का गप होत्यात."

शेवटी मॅडमनी कुणाच्या तरी टॉन्सिलचा तुकडा लावला. तो झाला तपकिरी. गाठ चवताळलेली निघाली.

"मला धीर नाही, ताई, तुम्हीच आणा," असं वहिनींनी सांगितलं होतं. मी रिपोर्टचं पाकीट घेऊन वर गेले. काचेचं त्यांना कुणीच काही बोललेलं नव्हतं.

माझ्याकडे बघून त्या दारातच म्हणाल्या, "वाईट आहे ना? माझी आई गेली तेव्हाही आमचे हे असेच गप्प बसले होते. तुम्हालाच वर पाठवलं होतं."