आनंदाच्या हाकेला ओ

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी काशीराम मिठागरात उभा राहून लाकडी फावड्याने मीठ ओढत होता. डोळ्यांभोवतीचं कालचं काजळ पुसायचं राहून गेलं होतं. साल १९५७, एप्रिलअखेर.

काल संध्याकाळी पनवेलच्या खाडीकाठी, गावदेवीच्या जत्रेत, त्याने सलग तिसऱ्या वर्षी नाटकात राजाचं काम केलं. गोष्ट चार हजार वर्षांपूर्वीची, दोन नद्यांमधल्या देशाची. पनवेलच्या एका मास्तरांनी ती इंग्रजी पुस्तकात वाचली होती. राजाचा जिवलग मरतो, राजा अमरपणाची वनस्पती शोधून आणतो, ती साप खातो. मास्तरांनी राजाला खाडीपलीकडचा केला आणि पाच गाणी घातली. आता जत्रेत कागदाचे साप विकायला येतात आणि बायका दळताना राजाचं रडगाणं म्हणतात.

जिवलगाचं काम काशीरामचा धाकटा भाऊ आनंदा करायचा. फेब्रुवारीत मिठाने चिरलेल्या पायातून त्याला धनुर्वात झाला. आठव्या दिवशी तो गेला.

"मुकादम, या साली मरनाचा परवेश काडा," काशीराम बुधाजीला म्हणाला होता. मिठागराचा मुकादम बुधाजी, नाटक मंडळाचाही तोच पुढारी.

"त्योच बगाला लोक येतान. या साली तू खरा रडशील. जमत नसंल तं सांग, मिठागराला मानसं मिलतान."

मेलेल्या जिवलगाचं काम मंडळातल्या दादूला मिळालं. मंडळाची रीत अशी, की पडदा पडण्याआधी मेलेल्याचं काम करणाऱ्या नटाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची. त्याने ओ दिली की मगच उठायचं, नाहीतर मरण अंगाला चिकटतं.

काल काशीराम रडला आणि त्याने हाक मारली, "आनंदा!"

दादू घाबरून डोळे मिटून पडून राहिला. नाव त्याचं नव्हतं.

गर्दीतून कुणीतरी सूर लावला, "ओ, दादा!"

काशीराम मुकुटासकट रंगमंचाच्या कडेच्या गॅसबत्तीपर्यंत धावला आणि कपाळावर हात धरून अंधारात बघू लागला. मंडप हसून लोळला. मग शिट्ट्या. "वन्स मोर!"

बुधाजीने विंगेतून हात फिरवला. पुन्हा.

दुसऱ्या वेळी काशीरामने नीट "दादू" म्हटलं. लोक ओरडले, "दादू नको! आनंदा बोलव!" तिसऱ्या वेळी त्याने बोलावलं. वीसेक जणांनी ओ दिली.

आज सकाळी सहा वाजता बुधाजी मिठागराच्या बांधावर आला. "उरनला पन तसाच करायचा. ओ द्याला दोन मानसं बसवतंय."

"भाव हाय त्यो माजा."

"व्हता," बुधाजी म्हणाला.

काशीरामने फावडं पुढे टाकलं आणि मीठ ओढलं.

उरणचा प्रयोग उद्या संध्याकाळी सात वाजता आहे. त्यासाठी काशीरामला मिठागरातून दोन वाजता सुटी आहे.