बर्माअण्णांची लाल बादली

जुन्या माणसाबद्दल लिहायला घेतलं की तुम्ही रुमाल काढून बसता, हे मला ठाऊक आहे. माणूस वरनं खडूस आणि आतनं मऊ निघणार, असं तुम्हाला वाटतं. रुमाल घडी करून ठेवा. बर्माअण्णा वरनं खडूस होते आणि आत शिरलं की आणखी खडूस होते. माझा त्यांच्यावर जीव होता, ती गोष्ट वेगळी.

एका परदेशी तेल कंपनीच्या बंगळूरच्या ऑफिसात ते दानधर्माचं खातं सांभाळायचे. कंपनीचं नाव चांगलं राहावं म्हणून गोरगरिबांना काहीबाही वाटायचं, हे काम. मी तिथला नवा टायपिस्ट, संकेश्वरच्या शाळेतला. अंगात एकच कला, नकलेची. अण्णांचा नियम होता, आधी तालीम, मग दान. घेणाऱ्याला उजवीकडे उभं करायचं, वस्तूवरचा कंपनीचा शिक्का कॅमेऱ्याकडे फिरवायचा आणि त्याच्या कानाशी कानडी वळणानं म्हणायचं, "स्वल्प हस," म्हणजे थोडं हस.

एकदा के. आर. पुरमच्या पुढल्या एका शाळेत गेलो. छप्पर उडालेलं, पोरं उन्हात. हेडमास्तर हात जोडून छप्पर मागत होते, अण्णांनी फुटबॉल दिला. परत येताना जीपमध्ये मी विचारलं, तर म्हणाले, "छप्पर फोटोत मावत नाही रे. मावलं तर माणसं मुंगीएवढी दिसतात."

हे सगळं ते बर्मात शिकले. लढाईच्या आधी तिथल्या तेलविहिरींवर ते कारकून होते. जपानी आले तेव्हा तेल त्यांच्या हाती लागू नये म्हणून कंपनीनं स्वतःच टाक्या पेटवल्या आणि सगळे पळाले. टाक्यांना लागून असलेलं गाव त्यात जळालं. लढाई संपल्यावर कंपनी परत गेली. त्या गावासाठी काही करावं असं साहेब लोकांना वाटलं, आणि त्यांनी अण्णांच्या हाती पाठवल्या बादल्या. लाल. वाळू भरून टांगायच्या, आग विझवायच्या.

डबा खाताना अण्णा हे रंगवून सांगायचे. "एका बाईला पुढं काढली. म्हटलं, आग आमचीच, बाई, बादलीपण आमचीच. स्वल्प हस." सगळ्या ऑफिसला दहीभाताचा ठसका लागायचा. पुढं काय झालं, असं कोणी विचारलंच तर म्हणायचे, "पुढं काय, फोटो चांगला आला. सरी, बास आता, कामाला लागा."

मग अण्णांची रिटायर व्हायची वेळ आली. मुदत वाढवणं गोऱ्या साहेबाच्या हातात होतं. अण्णांच्या घरी कोणी नव्हतं. ऑफिस नसलं की रविवारसुद्धा त्यांना खायला उठायचा. म्हणून बसवनगुडीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांनी साहेबाला पाहुणा म्हणून आणलं. कार्यक्रमात माझी नक्कल होती. कोणाची, ते मी सांगितलं नव्हतं.

मी अण्णा झालो. पंचा डोक्यावर घेऊन बाईही झालो. ऑफिसच्या जिन्यातली लाल बादली तर आणलेलीच होती. साहेबाला मराठी कळेना, तो अण्णांकडे वाकला. आणि अण्णा, सवयच ती, माझं एकेक वाक्य त्याला इंग्रजीत सांगायला लागले. साहेब खदखदून हसत होता. टाक्या आल्या. अण्णांना तेवढं गाळता आलं असतं. गाळलं नाही. "आग आमचीच" हे तर त्यांनी इतक्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं की मला स्टेजवर ऐकू आलं. साहेबानं खुर्ची जराशी बाजूला सरकवली. मी रंगात होतो. बाई होऊन रडलो, कडी धरून बादली नाचवली, कंपनीला आशीर्वाद दिले. लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले.

मुदत मिळाली नाही. निरोपाच्या दिवशी अण्णांना कंपनीचाच एक स्टोव्ह मिळाला. फोटोवाल्यानं त्यांना उजवीकडे घेतलं. मागनं कोणीतरी म्हणालं, "स्वल्प हसा." तो मी नव्हतो. अण्णा मात्र हसले.

संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. नोकरीवरनं शिव्या खायच्या, अशी तयारी करूनच गेलो.

"गाढवा, ती बाई रडली असं तुला कोणी सांगितलं?"

"अण्णा, लोकांना हसवायला जरा..."

"रडली नाही. हसलीपण नाही. आणि कडी धरून नाचवतोस काय? तू होतास तिथं?"

ते उठले, मोरीतली बादली घेऊन आले. रिकामी होती. आडवी करून त्यांनी ती दोन्ही हातांत छातीशी घेतली, एक हात बुडाखाली, दुसरा काठाखाली, तान्ह्याची मान सावरतात तसा.

"अशी धरली. शिक्का आत गेला. फिरव म्हटलं, फिरवेना. तिचं पोर त्या आगीत गेलं होतं. ते मला माहीत होतं, म्हणून तर तिलाच पुढं काढली. शेवटी मी बादलीला हात घालून ओढायला लागलो, ती सोडेना. तेवढ्यात फोटो निघाला. साहेबांना फार आवडला. म्हणाले, देताना काय आपुलकी आहे बघा."

त्यांनी बादली तशीच माझ्यापुढं केली.

"नक्कल करतोस ना? मग नीट कर. अर्धवट कामाची मला चीड आहे. ऊठ, धर ही."

मी धरली.

"खालनं हात लाव, मूर्खा. पडेल."