वजन उतरेपर्यंत

"आधी वजन उतरवा, मग पुढचं बोलू," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि माझे रिपोर्ट त्यांनी बाजूला सारले. शाळेत गणित शिकवण्यात माझा जन्म गेला. इतक्या वर्षांत मला असं तोंडावर नापास कुणी केलं नव्हतं. राग आला, पण काढणार कुणावर? जे काही वाढवलं होतं ते मीच वाढवलं होतं.

माझ्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. तो सिल्लोडजवळच्या आमच्या गावी शेती करायचा. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी त्याला शहरात यावं लागे आणि आला की तो तिथल्या छावणी भागात माझ्याकडेच उतरे. दुसरं मूत्रपिंड बसवणं हाच खरा इलाज होता. आईवडील गेलेले, भावजयीचा रक्तगट जुळेना, मुलं लहान. जुळला तो माझा. पण माझ्यासारख्या जाड बाईवर ती शस्त्रक्रिया करायला डॉक्टर तयार नव्हते. निदान बारा किलो उतरल्याशिवाय पुढच्या तपासण्यासुद्धा होणार नव्हत्या.

दुसरी अडचण खुद्द भाऊच होता. मी देते म्हणून पहिल्यांदा बोलले, तेव्हा तो पलंगावर ताडकन उठून बसला.

"बहिणीला द्यायचं असतं आक्का, तिचं घेत नसतेत. तुझ्या पोटाला सुरी लावून मी जगू व्हय? परत हा विषय काढला तर मी डायलिसिसलापण येणार नाय. सांगून ठिवतो."

तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस. आमच्या घराण्यात हट्ट पिढीजात आहे आणि माझ्या वाट्याला त्याच्यापेक्षा जास्तच आलाय. मी वरवर विषय सोडला. ठरवलं, आधी वजन उतरवायचं, सगळ्या तपासण्या पार पाडायच्या आणि मगच त्याच्याशी भांडायचं. त्याची संमती लागेलच, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. म्हटलं, ते माझ्याकडे लागलं. ही गोष्ट आणखी दोघांनाच माहीत होती, भावजयीला आणि माझ्या नवऱ्याला. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाला, "तुला नाही म्हणून मी या घरात राहणार कुठं?"

मला घाई होती. पहाटे उठून गोगाबाबा टेकडी चढायला लागले. आमच्या गल्लीतल्या एक मुस्लिम बाई सोबत असायच्या, आम्ही एकमेकींना 'बाजी' म्हणजे ताई म्हणायचो. त्या मागून ओरडायच्या, "हौले चलो बाजी, रेल छूट रही क्या?" मला खरंच काहीतरी सुटून जाईल असं वाटत होतं. चढताना दम लागे तो बरा. उतरताना उजव्या गुडघ्यात कळ यायची, तिकडे मी लक्ष दिलं नाही. सोमवारचे उपवासही धरले आणि साबुदाण्याच्या खिचडीने किलोभर वजन वाढवून ठेवलं.

महिना भरायच्या आत गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. एका सकाळी रिक्षात पाय वर घेता येईना. रिक्षावाला वळून बघत होता आणि मी दांडा धरून भर रस्त्यात उभी. तेव्हा पहिल्यांदा मनापासून भ्याले. गुडघा गेला तर चालणं गेलं. चालणं गेलं तर वजन राहिलं आणि वजन राहिलं तर भाऊ गेला. गणित इतकं सोपं होतं की कुठल्याही इयत्तेतल्या पोरीने सोडवलं असतं.

पर्समध्ये दुखण्याच्या गोळ्या होत्याच. आपल्याकडे कुठल्या बाईच्या पर्समध्ये नसतात? डॉक्टरबाईंनी ती पट्टी माझ्या हातातून काढून घेतली.

"या गोळ्या मूत्रपिंडावर जातात. जे भावाला द्यायचंय तेच खराब करून देणार का? फारच झालं तर साधी तापाची गोळी, तीही मला विचारून."

म्हणजे दुखणार, आणि ते तसंच दुखू द्यायचं. वर भावासमोर लंगडायचंही नाही.

त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती पोरगी माझ्या विद्यार्थिनींचीही विद्यार्थिनी शोभेल एवढी. तिने गुडघा दाबून पाहिला, मला खुर्चीतून उठ-बस करायला लावली आणि सरळ विचारलं, "काकू, टेकडी कुणी सांगितली होती?" टेकडी बंद, जिने कमीत कमी, उकिडवं बसणं नाही, मांडी घालणं नाही. चालायचं ते सपाट रस्त्यावर, जाड तळाचे बूट घालून आणि तुकड्यातुकड्याने, सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. त्याआधी उताणं पडून पाय सरळ ठेवून उचलायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, म्हणजे मांडीचे स्नायू बळकट होतील आणि गुडघ्यावरचा भार ते उचलतील. चालून आल्यावर कपड्यात बर्फ गुंडाळून शेक. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं आणि कमी करायचं, पण बंद करायचं नाही.

"आणि काकू, वजन रस्त्यावर थोडं उतरतं. खरं उतरतं ते ताटात."

ताटाचीच तर पंचाईत होती. भाऊ डायलिसिसला यायचा तो कधी मोकळ्या हाताने आला नाही. बहिणीच्या घरी रिकामा गेलो तर आई स्वप्नात येऊन रागवेल, असं त्याचं म्हणणं. हुरडा, मक्याची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, घरचं लोणी. यातलं बहुतेक त्याला स्वतःला बंद होतं. तो माझ्यासमोर बसायचा आणि म्हणायचा, "तू खा, मी बघतो. तेवढंच बरं वाटतं." त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत मी ते खायची. नाही म्हणायला जीभ उचलत नसे. मग तो गावी परतला की दोन-दोन जेवणं अर्ध्या भाकरीवर काढायची. भूक लागली की माझं डोकं फिरतं. त्या काळात वर्गातल्या पोरींनी माझं बरंच ऐकून घेतलं.

छावणीतले रस्ते रुंद, सपाट, झाडांचे. तिथं मी गुडघ्याशी बोलत चालायची. बोलत म्हणजे भांडतच. "आजचा दिवस नीट चाल, मेल्या," असं त्याला म्हणायची. गुरुवारी बाजाराच्या गर्दीत कुणाचा धक्का लागेल या भीतीने वाट बदलायची. पाय जरा मुरगळला तरी काळजात धस्स व्हायचं. काट्यावर चढायचं तर श्वास रोखून. कधी काटा थोडा खाली यायचा, कधी तिथंच अडून बसायचा आणि मला तो काटा गच्चीवरून फेकून द्यावासा वाटायचा.

उन्हाळ्यात भावाला एकदा धाप लागली. छातीत पाणी झालं होतं. बस स्टँडवरूनच त्याला थेट दवाखान्यात न्यावं लागलं. आत त्याच्यासाठी धावपळ चालली होती. बाहेर बाकावर भावजय पदर तोंडात धरून बसली होती. "वन्सं, किती राह्यलं अजून?" तिने विचारलं. ती वजनाचं विचारत होती. निम्मंसुद्धा झालं नव्हतं. मी तिला खोटंच सांगितलं, "झालंच." त्या बाकावर बसून मी माझ्या मांड्यांना इतक्या शिव्या घातल्या की त्या मोठ्याने बोलले असते तर दवाखान्यातून हाकलून दिलं असतं. भाऊ त्या वेळी वाचला. पण पुढच्या खेपेला वाचेलच असं डॉक्टरबाईसुद्धा म्हणेनात.

पावसाळा लागेपर्यंत माझ्या पोलक्याच्या बाह्या सैल पडल्या. लंगडणं लपत नव्हतं. आधी भावाने चेष्टा केली. "ह्या वयात कोन्या शिनेमात काम करायलीस आक्का?" मी म्हटलं, "तुझ्या पोरीच्या लग्नात नाचायचंय." तो हसला. पुढच्या वेळी मात्र हसला नाही, नुसता माझ्या चालीकडे बघत राहिला. त्याच्या पुढच्या खेपेला शेंगांच्या पिशवीत दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी होती. सिल्लोडच्या मेडिकलमधून त्याने मुद्दाम आणलेली. "लई गुणकारी हायेत म्हने. घे." त्या संध्याकाळी गुडघा ठणकत होता. हातातली पट्टी आणि पाण्याचा पेला यांच्याकडे मी बघत राहिले. मग पट्टी स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यामागे सरकवून दिली.

आणि तिथंच ती त्याला सापडली. तो डायलिसिस करून आला होता, दुपारची वेळ. भावजय त्याचं इंजेक्शन आणायला गेली होती. तो झोपलाय असं समजून मी पुढच्या खोलीत सतरंजीवर पाय उचलण्याचे व्यायाम करत होते. स्वतःच्या औषधांचा डबा शोधता शोधता त्याने ती पट्टी काढली. तो दारात येऊन उभा राहिला. हातात पट्टी, एकही गोळी न फोडलेली.

"गोळ्या घेत नायस. दुखतंय तर डोळ्याला दिसतंय. वजन चाललंय उतरत. म्हंजी गोळ्यांनी भागंल असलं हे दुखणं नाय." त्याने पट्टी माझ्यासमोर धरली. "आक्का, तुला काय मोठं झालंय का? खरं सांग. मी शेत इकतो. आधी तुझं करू. माझं ऱ्हाऊ दे, मी नाय जात तिथं आता."

ज्याला दोन पावलं टाकायला भिंत लागत होती, तो माणूस माझ्यासाठी स्वतःचा जीव सोडून द्यायला निघाला होता. मला दया यायला हवी होती. मला संताप आला.

"तू जीव दिलास तरी चालतं, आणि मी एक मूत्रपिंड दिलं तर तुझ्या मानाला धक्का लागतो?" मी ओरडले. "काही झालेलं नाही मला. तुझ्यासाठी उतरवतेय हे वजन. तुझ्यासाठी ती गोळी घेत नाही. सहा महिने गुडघ्याला कुरवाळत बसलेय, ते काय हौस म्हणून?"

तो पांढरा पडला. वळला, दारातल्या चपला त्याने पायात सरकवल्या. मला कळलं, हा आता बस धरणार आणि पुन्हा येणार नाही. मी उठायला गेले. घाईत अंग भलतीकडे वळलं, गुडघ्यात कट्कन वाजलं आणि पाय अडकून बसला. सरळ होईना, वाकेना. मी अर्धवट उठलेली, एक हात जमिनीवर टेकून तशीच. त्याला हाक मारायची होती, पण तोंडातून नुसतं कण्हणं निघालं.

तो उंबऱ्यावरून मागे फिरला. चपलांसकट आत आला. डायलिसिससाठी केलेला शिरांचा जोड डाव्या हाताला होता, त्या हाताने वजन उचलायचं नव्हतं. त्याने उजवा हात माझ्या काखेखाली घातला. त्याच्या अंगात ताकद नव्हती, माझ्या पायात जोर नव्हता. दोनदा आम्ही दोघंही खाली बसलो. तिसऱ्यांदा खुर्चीचा आधार मिळाला. मी वर आले, गुडघा हळूहळू सरळ झाला. दोघंही धापा टाकत होतो.

तो खुर्चीशेजारी खाली बसला आणि माझ्या गुडघ्यावर त्याने तळवा ठेवला. सूज चाचपून बघितली. मला वाटलं, आता पुन्हा नाही म्हणेल. काय उत्तर द्यायचं ते मी दातओठ खात जुळवत होते.

"किती उतरायचं ऱ्हायलंय?" त्याने विचारलं.

"चार-पाच किलो."

"म्हंजी किती दिस?"

"गुडघ्याने साथ दिली तर दोनेक महिने."

त्याने मान हलवली. "घाई नको करू. नीट चाल. तवर मी टिकतो."

पुढे ऑपरेशन झालं आणि नीट झालं, त्याचं श्रेय डॉक्टरांचं. माझा जीव मात्र त्या दुपारीच भांड्यात पडला. त्याच्यासमोर मी ढसाढसा रडले. तो आजारी पडल्यापासून पुढच्या महिन्याची गोष्ट त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.