दादाच्या नावाचं लॉगिन

सरकारी कार्यालयांतल्या संगणकांना कुठून धोका आहे ते शोधायचं आणि लिहून वर पाठवायचं, हे माझं काम. बसतो साताऱ्यात, महिन्यातले काही दिवस तालुक्यांना जातो. लोकांना वाटतं मी चोर पकडतो. खरं तर मी बहुतेक वेळ याद्या वाचतो: कोण बदलून गेलं, कोण निवृत्त झालं, कोण वारलं, आणि त्यातल्या कुणाचं लॉगिन अजून चालू आहे.

एका तालुक्याच्या अशाच यादीत माझ्या थोरल्या भावाचं नाव निघालं. तो त्या तालुक्यात कारकून होता. त्याला जाऊन दहा महिने झाले होते. शेवटच्या वापराच्या रकान्यात मात्र मी यादी वाचत होतो त्याच दिवसाची तारीख होती, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. दादा साधारण तेव्हाच टेबलावर बसायचा. क्षणभर मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मग मी तारीख पुन्हा वाचली.

कोण वापरतंय हे शोधावं लागलं नाही. दादाच्या जागी अनुकंपेवर वहिनी लागल्या होत्या. नेमणूक अजून परिवीक्षेवर होती; एखादा वाईट शेरा पडला तर ती जाऊ शकत होती, आणि त्या घरात दुसरा पगार नव्हता. दुसऱ्याच्या लॉगिननं काम करणं हा तसाच शेरा. मी वरिष्ठांना म्हटलं, तिथं माझं घरचं माणूस आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. ते म्हणाले, "माणसं आहेत कुठं? जाऊन या."

पासवर्ड तर सगळ्या कार्यालयाला ठाऊक होता. तो कसा फुटला ते मी पाहिलं होतं. दादा मिरजेच्या दवाखान्यात असताना कार्यालयातून फोन आला: दाखले अडलेत, पासवर्ड सांगा. नाकात नळी असलेला दादा एकेक अक्षर पुटपुटला आणि वहिनींनी ते फोनवर मोठ्यानं सांगितलं. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. हेच करू नका असं मी तालुक्या-तालुक्याला सांगत फिरतो. त्या दिवशी गप्प बसलो. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं त्याला वाटत होतं, ते मोडवेना.

कार्यालयात पोचलो तेव्हा तिथले अव्वल कारकून उठून उभे राहिले. "या साहेब! आज पावणं म्हनून आलाय का तपासायला? तसा च्या सांगतो."

मी यादी पुढं केली.

"आवं, वैनींचा नवा आयडीच आला न्हाई अजून. लोकं दारात उभी. दाखलं थांबवायचं व्हय? आनि गेलेल्या मानसावर काय कारवाई करनार तुमी?" ते हसले, मग वहिनींकडं लक्ष जाऊन खुर्चीत बसले.

मला हायसं वाटलं. आयडी दिलाच नसेल तर दोष कार्यालयाचा, वहिनींचा नव्हे. खात्री करावी म्हणून मी यादीत त्यांचं नाव शोधलं. आयडी तीन महिन्यांपूर्वीच तयार झाला होता. तो एकदाही उघडलेला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत त्या व्हरांड्यात डबा घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं.

"आलाय की," त्या म्हणाल्या. "कागद ड्रॉवरात हाय. कुणाला सांगितलं न्हाई."

"का पण, वहिनी?"

"भावजी, त्यांच्या नावानं उघडलं की त्यांनी केल्याली कामं दिसत्यात. कुणाला दाखला दिला, कवा दिला. रोज थोडं मागं जाऊन वाचती. माझ्या नावानं उघडलं तर सगळं रिकामं." त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. "लिवनार हायसा?"

मी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

"लय हुशार म्हनायचे तुमाला ते."

अहवालाला मला तीन दिवस लागले. 'वापरात नसलेले लॉगिन बंद केले' एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तपासणारा माणूस मीच होतो. पण त्या पासवर्डनं कुणीही खोटा दाखला काढला असता, तर बोट त्या खुर्चीवर बसलेल्या बाईकडंच गेलं असतं. असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. मी सगळं लिहिलं, दवाखान्यात मी ऐकून गप्प राहिलो तेही. वरिष्ठांनी तेवढा परिच्छेद खोडला. म्हणाले, घरगुती मजकूर अहवालात नको.

लॉगिन बंद झालं. वहिनींना नोटीस आली. नोकरी राहिली, पण परिवीक्षा वर्षभर वाढली आणि त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तिथं कागदी नोंदवही आहे, संगणक नाही. मला कुणी काही विचारलं नाही.

वर्षश्राद्धाला शिराळ्याच्या घरी पंगत बसली होती. वहिनी वाढत होत्या. सगळ्यांना नात्यानं हाक मारत, आग्रह करत त्या माझ्या पानापाशी आल्या.

"साहेब, भात वाढू?"

शेजारी बसलेल्या चुलत्यांना त्यात काही वेगळं वाटलं नसावं. ते जेवत राहिले. मी म्हटलं, थोडा. त्यांनी थोडाच वाढला.