शेवंतीचं शेवटचं प्रदर्शन

नवऱ्याची बदली चंदीगडला झाली तेव्हा आमच्या समोरच एक वयस्कर गृहस्थ राहत होते. देशभर शाखा असलेल्या एका बागप्रेमी संस्थेचे ते इथले सचिव. कुणाच्याही दारात गेले की आधी कुंडीतली माती बोटाने चाचपायचे आणि मग म्हणायचे, "बेटा जी, इसको प्यास लगी है." शहर नवं होतं तेव्हा याच संस्थेने घरोघरी बिया वाटल्या, लोकांना बागा करायला शिकवलं, हे ते पुन्हापुन्हा सांगत. आता त्या बागांच्या जागी फरशा आल्यात आणि त्यांवर गाड्या उभ्या असतात.

सभासद उरले नाहीत म्हणून शाखा बंद व्हायची होती. शेवंतीच्या शेवटच्या प्रदर्शनाला परीक्षक मिळेना, तेव्हा त्यांनी मलाच नेलं. मंडपात थोड्याच कुंड्या होत्या, नावं दुमडलेल्या कार्डांत झाकलेली.

"ईमानदारी से देखना," म्हणत ते पाठ फिरवून उभे राहिले.

मी एका भरदार पिवळ्या शेवंतीला पहिला नंबर दिला. त्यांनी कार्ड उघडलं. नाव त्यांच्या शेजारच्या कर्नलसाहेबांचं होतं. ते उन्हाळ्यातच वारले होते. मुलांनी घर विकलं, तेव्हा यांनी ती कुंडी आणून जपली होती.

"आणि बाकीच्या कुंड्या?" मी विचारलं.

"सब मेरे. पर जीतता हर साल वही था."

ते हसले आणि विजेत्याची फीत कुंडीला बांधू लागले. गाठ काही केल्या बसेना. शेवटी ती मीच बांधली.